तळोद्याचा भाचा, माळव्याचा सुभेदार

मे महिन्याची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याकडची कुटुंबे गाडी काढतात. शिरपूर, पळासनेर मागे टाकून सातपुड्याचा घाट चढतात, सेंधव्याला चहा घेतात आणि महेश्वर, ओंकारेश्वर, इंदूर, उज्जैन अशी चार दिवसांची फेरी करून येतात. महेश्वरच्या घाटावर फोटो निघतात, बायका महेश्वरी साड्यांच्या दुकानात रमतात आणि वाड्यातली अहिल्याबाईंची साधी गादी पाहून म्हातारी माणसे नकळत हात जोडतात. २०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हापासून त्यांच्याविषयीचे कुतूहल आणखीच वाढले आहे. अशा वेळी घरातले एखादे चौकस पोर हमखास विचारते, "ही राणी मराठी होती ना? मग इतक्या लांब, नर्मदेच्या काठावर तिचे राज्य कसे?"

या प्रश्नाचे उत्तर देताना आपण पुण्याचे नाव घेतो, पेशव्यांचे नाव घेतो. ते चुकीचे नाही. पण त्या उत्तराचा एक धागा आपल्या खानदेशातून जातो, हे आपल्यालाच माहीत नसते. अहिल्याबाईंना ज्यांनी सून म्हणून आणले, हाताला धरून कारभार शिकवला आणि ज्यांच्या तलवारीवर ते राज्य उभे राहिले, ते मल्हारराव होळकर वाढले तळोद्याला, मामाच्या घरी. तळोदे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा होईपर्यंत ते धुळ्याचेच होते.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ रोजी नीरा नदीच्या काठी, होळ या गावी झाला. होळचे म्हणून होळकर. घर धनगराचे, परिस्थिती बेताची. वडील खंडोजी मुलगा तीन-चार वर्षांचा असतानाच वारले. भाऊबंदकीचा जाच वाढला तेव्हा त्या माउलीने पोराला कडेवर घेतले आणि भावाचे घर गाठले. नीरेकाठापासून तापीच्याही पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचा तो प्रवास त्या काळात एका विधवेने कसा केला असेल, याची कल्पना करताना माझी लेखणी अडखळते. मामा भोजराज बारगळ हे तळोद्याचे बऱ्यापैकी मोठे प्रस्थ होते. जमीनजुमला होता, आणि सरदार कंठाजी कदम बांडे यांच्या चाकरीत त्यांचे घोडेस्वारांचे पथक होते.

मल्हाररावांच्या बालपणाची एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते. रानात झोपलेल्या पोराच्या तोंडावर ऊन आले आणि नागाने फणा धरून सावली केली. अशी गोष्ट आपल्याकडे पुष्कळ मोठ्या माणसांच्या नावावर सांगतात, म्हणून इतिहासकार ती बाजूला ठेवतात. मला मात्र त्या गोष्टीतला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. पोर रानात का झोपले होते? तर ते मामाची मेंढरे राखत होते. आजोळी लाड होतात ते सुट्टीपुरते आलेल्या भाच्याचे. कायमचा राहायला आलेला भाचा वेगळा असतो. त्याला ताटातली भाकरी कुणाची आहे याची जाण लवकर येते. कुणाची मर्जी केव्हा सांभाळावी, कुठे बोलावे, कुठे गप्प राहावे, हे त्याला शिकवावे लागत नाही. परक्या ओट्यावर वाढलेल्या मुलाचे हे शहाणपण मल्हाररावांना जन्मभर पुरले असे मला वाटते. जिथे ते कामी आले नाही, तिथे त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

मेंढरे राखणारे पोर मामाच्या पागेत कधी शिरले हे कुणी लिहून ठेवलेले नाही. पण हा मुलूख घोड्यांचाच. तळोद्यापासून जवळच तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार आजही देशभर प्रसिद्ध आहे. खानदेश म्हणजे गुजरात, माळवा आणि दख्खन यांच्यामधले नाके. इकडून तिकडे जाणारी प्रत्येक फौज इथून जाणार. घोड्यावर मांड पक्की असलेल्या, वाटा ठाऊक असलेल्या तरुणाला इथे काम कमी नव्हते. मल्हाररावांनी कदम बांड्यांच्या पथकात नाव काढले. मामाने १७१७ साली आपली मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. भाचा जावई झाला.

१७२१ च्या सुमारास मल्हारराव तरुण पेशवे पहिल्या बाजीरावांच्या चाकरीत गेले. इथे एक गोष्ट सांगितली जाते. जुन्या धन्याला, कदम बांड्यांना त्यांनी दुखावले नाही. रीतसर निरोप घेतला आणि पुढे स्वतःचे पथक उभे राहिले तेव्हा निशाणही कदम बांड्यांच्याच परवानगीने त्यांचेच घेतले. होळकरांचे ते तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे निशाण पुढे अटकेच्या दिशेने फडकले. म्हणजे ज्या घराने उभे केले, त्या घराची खूण मल्हाररावांनी शेवटपर्यंत खांद्यावर वागवली.

नंतरची चढण वेगाची आहे. १७२५ पर्यंत त्यांच्याकडे ५०० स्वार आले. १७२८ साली पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडीत धरले, त्या मोहिमेत मल्हारराव होते. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला धारजवळ आमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याला गाठले. लढाईत सुभेदार पडला आणि माळव्याचे दार उघडले. १७३२ साली माळव्याच्या वाटण्या झाल्या आणि होळकर, शिंदे, पवार यांचे हिस्से ठरले. मामाची मेंढरे राखणारा मुलगा चाळिशी गाठण्याच्या आतच, ज्या मुलखाची बोली वेगळी, पेहराव वेगळा, जमीनदार वेगळे, अशा मुलखाचा धनी झाला.

परमुलुखात राज्य करणे ही जगाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट नाही. तेराव्या शतकात लिथुआनियाचा एक राजपुत्र, दौमांतास, घरच्या रक्तपातात सापडला आणि १२६५ साली आपली माणसे घेऊन शेजारच्या रशियन मुलखातल्या प्स्कोव या व्यापारी शहरात आश्रयाला आला. त्याने त्यांचा धर्म घेतला, आणि वर्षभरातच त्या शहराने या परक्यालाच आपला राजा निवडले. १२९९ साली मरेपर्यंत तो त्या शहरासाठी लढला, कधी जर्मन सरदारांशी, तर कधी स्वतःच्याच मायदेशाशी. त्याने शहराला दगडी तट बांधला. तिथले लोक पुढे त्याला संत मानू लागले. परका राजा आपला केव्हा होतो, याचे उत्तर त्या गोष्टीत आहे. तो राहायला आला आहे अशी लोकांची खात्री पटते तेव्हा.

माळव्यात मल्हारराव राहायला आले होते. त्यांनी तिथली जुनी घडी मोडली नाही. इंदूरचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांचे घराणे होळकरांच्या अमलातही आपल्या मानापानासह नांदले. नवा धनी आला म्हणून जुन्याला हाकलले, असे झाले नाही. इंदूर तेव्हा लहान गाव होते. व्यापाऱ्यांना अभय मिळाले, वाटा सुरक्षित झाल्या, पेठ वाढली.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली. शाखा बदलत गेल्या, त्यात सातपुड्याच्या पायथ्याची गावेही आली. त्यामुळे इतिहास वाचताना माझी नजर लढाईच्या आधी जमाखर्चाकडे जाते. मल्हाररावांच्या कारकिर्दीत मला सर्वांत थोर वाटणारी तारीख लढाईची नाहीच. ती आहे जानेवारी १७३४ ची. त्या वर्षी गौतमाबाईंच्या नावे 'खासगी' जहागीर वेगळी करण्यात आली. उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या घरात. दौलतीचा पैसा एका बाजूला, घरच्या बाईचा पैसा दुसऱ्या बाजूला. फौजेचा खर्च दौलतीतून व्हायचा, आणि खासगीवर घरच्या बाईची सही. दोन खाती, दोन खतावण्या. तळोद्याच्या मामाची ती मुलगी, स्वतःच्या हक्काची जहागीरदार झाली. १७६१ साली त्या गेल्या आणि पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, सोमनाथपासून रामेश्वरापर्यंत अहिल्याबाईंनी जी मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या या खासगीच्या पैशातून. दौलतीच्या तिजोरीला त्यांनी त्यासाठी हात लावला नाही. आज आपण महेश्वरच्या घाटाच्या पायऱ्या उतरतो, तेव्हा हे मनात असावे.

हे झाले माळव्याचे. राजपुतान्यात मात्र हेच मल्हारराव वेगळे दिसतात.

मी कर्जखात्यात होतो तेव्हा वसुलीच्या जीपमधून गावोगाव फिरलो आहे. बँकेची जीप वेशीत दिसली की गावाचा चेहरा बदलतो. काल ज्याने आग्रहाने चहा पाजला, तो आज घराला कुलूप लावून शेतात निघून गेलेला असतो. माणूस तोच, पण काल तो विचारपूस करायला आला होता आणि आज थकबाकी मागायला आला आहे. गावाला हा फरक लांबून कळतो.

१७४३ साली जयपूरचे सवाई जयसिंग वारले आणि ईश्वरीसिंग व माधोसिंग या दोन मुलांत गादीचा वाद लागला. मल्हाररावांनी माधोसिंगाची बाजू घेतली. मदतीचा मोबदला ठरला, खंडणीचे आकडे ठरले. आकडे फुगत गेले, हप्ते थकत गेले. १७५० च्या डिसेंबरात मल्हाररावांची फौज बाकी वसूल करायला जयपूरच्या जवळ येऊन ठेपली, तेव्हा हतबल झालेल्या ईश्वरीसिंगाने विष घेऊन जीव दिला. माधोसिंग गादीवर आला. आणि महिन्याभरातच, जानेवारी १७५१ मध्ये, शहर पाहायला आणि बाजार करायला आत गेलेल्या मराठ्यांवर जयपूरची माणसे तुटून पडली. दरवाजे बंद करून कत्तल झाली. ज्याला गादीवर बसवले त्याच्याच राजधानीत हे घडले. मराठी माणूस म्हणून ते वाचताना जीव कळवळतो. पण ईश्वरीसिंगाच्या मरणाचे पान त्याच्या आधी आहे, ते उलटून पुढे जाता येत नाही.

तीन वर्षांनी ती किंमत मल्हाररावांच्या घरात आली. १७५४ साली रघुनाथरावांच्या फौजेने भरतपूरच्या सूरजमल जाटाकडे खंडणी मागितली आणि कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला. मार्च महिन्यात किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने मल्हाररावांचा एकुलता मुलगा खंडेराव ठार झाला. बाप ६१ वर्षांचा, सून २८ वर्षांची. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवले. माझा मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशा अर्थाचे त्यांचे विनवणे सर्वत्र सांगितले जाते. शब्द नेमके तेच असतील असे नाही, पण पुढचे वागणे त्या शब्दांना धरून होते. आणि वेढ्याचे काय झाले? अखेर हप्त्याने खंडणी द्यायचा करार होऊन तो उठला. म्हणजे जो मुलगा गेला, तो एका वसुलीत गेला.

मल्हाररावांच्या चरित्रात यापुढचा काळ कीर्तीचा आणि दुष्कीर्तीचाही आहे. १७५७ साली दिल्लीत नजीबखान रोहिला मराठ्यांच्या हाती सापडला असताना मल्हाररावांनी रदबदली करून त्याला सोडवले, हा दोष त्यांच्यावर कायमचा बसला. १७५८ च्या एप्रिलात रघुनाथरावांबरोबर ते लाहोरपर्यंत गेले. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर, दिवस कलल्यावर, ते आपली फौज घेऊन रणातून बाहेर पडले.

पानिपतावरून मराठी घरांत आजही भांडणे होतात. कुणी म्हणतात, म्हातारा पळाला. कुणी म्हणतात, बायकांना सांभाळून न्यायला भाऊसाहेबांनीच सांगितले होते. तोफखान्यावर विसंबू नका, गनिमी काव्याने लढा, असा मल्हाररावांचा सल्ला होता आणि तो मानला गेला नाही, असेही जुने लोक सांगतात. या वादाचा निकाल लावायला मी बसलेलो नाही. मला पानिपतात वेगळी गोष्ट बोचते. तीस वर्षे उत्तरेत वावरलेल्या मराठ्यांच्या बाजूने त्या दिवशी एकही राजपूत राजा उभा नव्हता. जयपूरचा माधोसिंग आला नाही. सूरजमल आधी बरोबर होता, तोही निघून गेला होता. ज्यांच्याकडे आपण फक्त हप्ते मागायला गेलो, ते आपल्या अडचणीच्या दिवशी दारात कशाला उभे राहतील? मात्र याच सूरजमलने पानिपतानंतर उपाशी, जखमी मराठ्यांना आपल्या मुलखात अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. कुंभेरीचा तोच सूरजमल. माणसाच्या मोठेपणाचा हिशेब कोणत्या खतावणीत मांडावा ते मला समजत नाही.

पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचे संपले असे सगळ्यांना वाटले. माधोसिंगालाही वाटले. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर आजच्या राजस्थानातल्या बारां जिल्ह्यात मांगरोळला त्याची फौज मल्हाररावांपुढे आली. ज्याला गादी मिळवून दिली, त्याच्याशीच गाठ. मल्हारराव ६८ वर्षांचे होते. बायको त्याच वर्षी गेलेली, मुलगा सात वर्षांपूर्वी गेलेला, पानिपताचा डाग अंगावर. दोन दिवसांची लढाई झाली, म्हातारा स्वतः जखमी झाला, पण जिंकला. मराठे अजून आहेत, हे उत्तरेला त्या दिवशी कळले. १७६५ च्या मे महिन्यात, ७२ व्या वर्षी, ते अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या मदतीला कोऱ्याला इंग्रजांवर चालून गेले. तिथे कंपनीच्या तोफांपुढे माघार घ्यावी लागली.

याच १७६५ सालचे मल्हाररावांचे अहिल्याबाईंना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. सुनेला पत्र म्हटले की आपल्याला प्रकृतीची चौकशी, नातवंडांची खुशाली आठवते. या पत्रात सासरा सांगतो की चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा, मोठा तोफखाना तिथे ठेव, दारूगोळा जमव, महिन्याभराच्या खर्चाची तजवीज कर, आणि वाटेवर चौक्या बसवून पुढे नीघ. इतक्या मोठ्या जबाबदारीची गोष्ट इतक्या साधेपणाने लिहिली आहे की, हे त्या घरात रोजचेच होते हे लक्षात येते. अठराव्या शतकात एका विधवा सुनेला तोफखान्याचा हिशेब देणारा सासरा अन्यत्र शोधून पाहा. मला तर यामागे तळोद्याला पोराला कडेवर घेऊन आलेली ती दुसरी विधवा दिसते. घरातली बाई निराधार झाली म्हणजे काय होते, हे मल्हाररावांनी कळायला लागल्यापासून पाहिले होते.

२० मे १७६६ रोजी आलमपूरच्या मुक्कामी मल्हारराव वारले. वय ७३. आलमपूर आज मध्य प्रदेशातल्या भिंड जिल्ह्यात येते. जन्म नीरेकाठी, वाढ तापीच्या खोऱ्यात, राज्य नर्मदेच्या खोऱ्यात, आणि देह पडला तो बुंदेलखंडाच्या वेशीवर. अहिल्याबाईंनी तिथे त्यांची छत्री बांधली. नातू मालेराव वर्षभरही टिकला नाही, १७६७ साली तोही गेला, आणि कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला. त्यांनी राजधानी महेश्वरला नेली आणि १७९५ पर्यंत राज्य केले. त्यांच्या काळात माळव्याने जे स्वास्थ्य पाहिले, त्याचे गुणगान इंग्रज अधिकारी जॉन माल्कमनेही केले आहे, आणि माल्कम काही होळकरांचा भाट नव्हता. १८१७ साली महिदपूरला त्यानेच होळकरांच्या फौजेशी लढाई केली होती.

आता खानदेशाकडे वळू. बाहेर जाऊन राज्य करणारी माणसे या मातीने एकदाच दिली असे नाही. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याचा भुईकोट किल्ला आपण येता-जाता पाहतो. तो नेवाळकरांचा, आणि याच नेवाळकर घराण्याने पुढे झाशीची सुभेदारी केली. राणी लक्ष्मीबाईंचे सासर ते हेच. खानदेशाच्या कडेला, मालेगाव तालुक्यात कवळाणे आहे. तिथला १२ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड म्हणून १९३९ पर्यंत राज्य करून गेला. गुजरात्यांनी त्याला परका मानले नाही. त्याने त्यांना शाळा दिल्या, ग्रंथालये दिली, म्हणजे तोही राहायला गेला होता.

आजही खानदेशातली मुले बाहेरच जातात. सुरतेत तर आपल्याकडच्या लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. पुणे, मुंबई, इंदूर, आणि आता परदेशही. घरातून निघताना आई डब्यात दशम्या देते आणि बाप पैसे जपून खर्च करायला सांगतो. नव्या गावात आपण कशासाठी आलो आहोत असे तिथल्या लोकांना वाटते, हे मात्र कुणी सांगत नाही. मल्हाररावांच्या आयुष्याने त्याची दोन्ही उत्तरे आपल्यापुढे ठेवली आहेत. जयपूर, कुंभेरी, दिल्लीकडून आलेल्या लाखोंच्या खंडण्या फौजांच्या पगारात आणि सावकारांच्या व्याजात विरून गेल्या. त्यातला रुपया आज दाखवता येणार नाही. बायकोच्या नावे वेगळ्या काढून ठेवलेल्या त्या ३ लाखांचे मात्र घाट झाले, विहिरी झाल्या, आणि त्यांचे पाणी लोक अजून वापरतात.

पुढच्या सुट्टीत महेश्वरला निघालात तर एक दिवस जास्त ठेवा. शहाद्यावरून तळोद्याला वळा. तिथे बारगळांची गढी आहे. फार काही पाहायला मिळेल अशी अपेक्षा धरू नका. पण बरोबरच्या पोरांना एवढे सांगा की, इथे एका बाईने भावाच्या दारात येऊन आपले पोर खाली ठेवले होते.